एमिली कामे उंग्वारे

एमिली कामे उंग्वारे (जन्म : सुमारे १९१०, अल्हालकेरे, मृत्यू : सप्टेंबर १९९६, ॲलिस स्प्रिंग्ज) ह्या ऑस्ट्रेलियातील अन्मजेर ह्या आदिवासी समाजातील चित्रकार होत्या. कॅनव्हासवर रंगकाम करण्यास त्यांनी वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर सुरुवात केली आणि पुढील सुमारे आठ वर्षांत, एका अंदाजानुसार, तीन हजारांच्या आसपास चित्रे काढली. विसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत महत्त्वाच्या चित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या चित्रांचा विषय आयुष्यभर एकच राहिला. तो म्हणजे त्यांची पितृभूमी अल्हालकेरे आणि त्या भूमीशी जोडलेले वनस्पती, प्राणी, गीत आणि विधी. ह्या चित्रांना जगाने अमूर्त कला म्हणून नावाजले. त्यांच्या समाजाच्या दृष्टीने मात्र ती जमिनीशी असलेल्या नात्याची आणि जबाबदारीची नोंद आहे.

नाव

अन्मजेर व्यक्तीच्या नावातून तिची समाजातील जागा कळते. ‘उंग्वारे’ हे आपल्याकडील आडनावासारखे दिसत असले, तरी ते आडनाव नव्हे. ते नातेसंबंधाच्या व्यवस्थेतील एका गटाचे नाव आहे. प्रत्येक मूल जन्मतःच अशा एका गटात मोडते आणि बापाचा गट व मुलाचा गट वेगळा असतो. कोणी कोणाशी विवाह करावा, कोणाला आत्या म्हणावे, कोणाला आजी म्हणावे, कोणत्या विधीत कोणाचे काम कोणते, हे ह्या गटांवरून ठरते. रोमन लिपीत ह्या शब्दाच्या आरंभी ‘के’ हे अक्षर लिहितात. ऐकताना उच्चार ‘उंग्वारे’ ह्याच्या जवळ जातो.

‘कामे’ हे त्यांचे स्वतःचे नाव. त्याचा अर्थ एका रानकंदाचे बी असा आहे. बोटाएवढे लांबट कंद देणारी ही वेल शास्त्रीय वर्गीकरणात मूग, मटकी आणि चवळी ज्या प्रजातीत येतात त्याच प्रजातीतील आहे. अन्मजेर भाषेत ह्या कंदाला ‘अन्वेर्लार’ म्हणतात. जमिनीवर हिरवी पाने आणि पिवळी फुले, जमिनीखाली दूरवर पसरणारे मुळांचे जाळे आणि कंद तयार झाल्यावर मातीला पडणाऱ्या भेगा अशी त्याची ओळख. त्या भेगा पाहून स्त्रिया खणण्याच्या काठीने कंद काढतात. ही वेल आणि तिचे बी एमिली यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. तो जसा अन्नाचा विषय आहे, तसाच त्यांच्या नावाचाही आहे. अन्मजेर भाषेच्या अलीकडच्या लेखनपद्धतीनुसार काही कलासंस्था हे नाव आता ‘काम’ असे लिहितात.

प्रदेश आणि पूर्वायुष्य

एमिली यांचा जन्म मध्य ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी ह्या प्रांतात अल्हालकेरे येथे झाला. हा भाग ॲलिस स्प्रिंग्ज ह्या शहराच्या ईशान्येस सुमारे २५० किलोमीटरवर आहे. तांबडी वाळू, काटेरी गवत, बाभळीच्या जातीची झुडपे आणि बहुतेक काळ कोरडी राहणारी सँडओव्हर नदी असा हा प्रदेश. पाऊस बेभरवशाचा असतो. पण तो पडला, की काही आठवड्यांत सारे रान हिरवे होते आणि फुलांनी भरून जाते. अल्हालकेरेत आरपार भोक असलेला एक खडक आहे. त्याच्या सन्मानार्थ एमिली यांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पाडलेले होते. आपली भूमी त्या अशा रीतीने शरीरावरही वागवीत होत्या.

१९२० च्या दशकात गोऱ्या पशुपालकांनी ह्या भागात गुरांसाठी जमिनी भाडेपट्ट्याने घेतल्या. १९२७ मध्ये सुरू झालेल्या अशा एका पट्ट्याला ‘यूटोपिया’ म्हणजे आदर्श भूमी असे नाव पडले. ज्यांची ती भूमी होती, त्यांचा विचार ह्या व्यवहारात कोणी केला नाही. पाणवठे गुरांकडे गेले आणि शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या कुटुंबांना पशुपालकांच्या वस्तीजवळ येऊन राहावे लागले. १९२८ मध्ये पश्चिमेकडील कॉनिस्टन परिसरात एका गोऱ्या माणसाच्या हत्येचा सूड म्हणून पोलिसांच्या तुकडीने अन्मजेर, वार्लपिरी आणि कायटेट लोकांची कत्तल केली. सरकारी चौकशीने मृतांचा आकडा ३१ दिला. आदिवासींच्या स्मृतीप्रमाणे तो त्याहून पुष्कळ मोठा आहे. एमिली तेव्हा ऐन तारुण्यात होत्या.

त्यांनी पशुपालनाच्या केंद्रांवर अनेक वर्षे काम केले. अशा ठिकाणी आदिवासी स्त्रियांना बहुधा घरकाम मिळे. एमिली यांनी मात्र गुरे सांभाळण्याचे आणि उंट हाकण्याचेही काम केले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यतः कराची बंदरातून, आणलेले उंट त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील वाहतुकीचा आधार होते. त्या काळात आदिवासींच्या श्रमाचा मोबदला बहुतेक ठिकाणी पीठ, साखर आणि चहा अशा शिध्याच्या रूपाने दिला जाई.

एमिली यांचा दोनदा विवाह झाला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. पण नात्यातील मुले त्यांच्या हाताखाली वाढली. पुढे चित्रकार म्हणून नाव मिळविणाऱ्या बार्बरा वेअर ह्या त्यांपैकी एक. त्यांची आई मिनी प्वेर्ले ह्या अन्मजेर समाजातील आणि वडील आयरिश होते. मिश्र वंशाच्या मुलांना आदिवासी कुटुंबांतून काढून संस्थांत वा गोऱ्या घरांत ठेवण्याचे सरकारी धोरण त्या काळी होते. अशा मुलांचा उल्लेख आज ऑस्ट्रेलियात ‘चोरलेल्या पिढ्या’ असा करतात. सुमारे नऊ वर्षांच्या बार्बराला १९५० च्या दशकात असेच नेण्यात आले. त्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस यूटोपियाला परतल्या, तेव्हा आपली मातृभाषा विसरलेल्या होत्या. एमिली यांच्या रंगांतील उल्हास पाहताना त्यामागचे हे आयुष्यही ध्यानात घ्यावे लागते.

अल्चेर आणि अवेल्य

एमिली यांची चित्रे समजण्यासाठी दोन अन्मजेर संकल्पना माहीत असणे आवश्यक आहे.

पहिली ‘अल्चेर’. इंग्रजीत हिचे भाषांतर स्वप्न ह्या अर्थाच्या शब्दाने करण्याची प्रथा पडली आहे. पण झोपेतल्या स्वप्नाशी तिचा संबंध जोडणे दिशाभूल करणारे आहे. पूर्वज शक्तींनी भूमीवरून प्रवास करीत डोंगर, पाणवठे, वनस्पती, प्राणी, भाषा आणि आचाराचे नियम निर्माण केले. ते कार्य भूतकाळात संपलेले नसून आजही चालू आहे, अशी ही धारणा आहे. एखाद्या व्यक्तीला विशिष्ट भूमी आणि त्या भूमीतील विशिष्ट पूर्वज शक्ती वारशाने मिळतात. हा वारसा उपभोगाच्या हक्काबरोबर कर्तव्यही घेऊन येतो. त्या जागेची गाणी गाणे, तिच्या कथा योग्य व्यक्तीला योग्य वेळी शिकविणे आणि विधी पार पाडणे ही ती कर्तव्ये होत. ती न पाळल्यास भूमी आजारी पडते, अन्न उगवत नाही, असे मानले जाते.

दुसरी संकल्पना ‘अवेल्य’. हा स्त्रियांचा विधी असून त्याचे गायन, नृत्य आणि शरीरावरील रेखाटन ही तिन्ही अंगे ह्या एकाच शब्दाने दर्शविली जातात. गेरू, पांढरी माती, पिवळी माती आणि कोळसा यांची पूड करून ती चरबीत कालवतात. ज्येष्ठ स्त्रिया बोटांनी किंवा काडीने इतर स्त्रियांच्या छातीवर, स्तनांवर आणि दंडांवर समांतर पट्टे ओढतात. रेषा ओढताना त्या भूमीचे गीत गायले जाते. गीताशिवाय रेषेला अर्थ नाही. प्रत्येक भूमीची रेखाकृती वेगळी असते आणि ती वापरण्याचा अधिकार ठरावीक स्त्रियांनाच असतो. ह्या विधीतून भूमीचे पोषण होते, स्त्रियांचे आरोग्य राखले जाते आणि मुलींना ज्ञान दिले जाते. त्यातील काही भाग सर्वांसमोर आणण्याजोगा असतो, तर काही केवळ दीक्षित स्त्रियांपुरता राखून ठेवलेला असतो.

एमिली ह्या अल्हालकेरेच्या अवेल्यच्या प्रमुख ज्येष्ठ स्त्रियांपैकी एक होत्या. त्यामुळे कॅनव्हासवरील त्यांची कारकीर्द आठ वर्षांची असली, तरी त्यांचा हात रेषेला सरावलेला होता तो अनेक दशकांपासून. वाळूवर बोटांनी आकृत्या काढीत कथा सांगण्याची रीत आणि शरीरावरील रेखाटन ही त्यांची चित्रशाळा होती.

भूमीचा हक्क

१९७६ हे वर्ष यूटोपियाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींना पारंपरिक भूमीवर दावा सांगण्याचा अधिकार देणारा कायदा ऑस्ट्रेलियाच्या संसदेने संमत केला आणि यूटोपियाचा भाडेपट्टाही आदिवासींसाठी विकत घेण्यात आला. त्यानंतर अन्मजेर आणि अल्यावार लोकांनी भूमीवर रीतसर दावा दाखल केला. न्यायमूर्ती टूही यांच्यापुढे त्याची सुनावणी झाली.

लेखी दस्तऐवज नसलेल्या समाजाने मालकी सिद्ध कशी करावी, हा प्रश्न होता. यूटोपियाच्या स्त्रियांनी ह्या सुनावणीत अवेल्य सादर केले. कोणती रेषा, कोणते गीत आणि कोणती जागा कोणाची, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांचीच ती भूमी, असा त्यामागचा युक्तिवाद होता. दावा मान्य झाला आणि भूमी तिच्या मूळ लोकांकडे परत आली. शरीरावरील रेखाटन हे कला किंवा अलंकरण यांच्यापलीकडे जाऊन सात-बाऱ्याच्या उताऱ्यासारखे काम करू शकते, हे ह्या प्रसंगी दिसून आले. पुढे एमिली यांनी कॅनव्हासवर ओढलेले पट्टे ह्याच रेखाटनाचे आहेत.

बाटिक

त्याच सुमारास, १९७७ मध्ये, यूटोपियात प्रौढशिक्षणाच्या वर्गांतून स्त्रियांना बाटिकची ओळख झाली. कापडावर वितळलेल्या मेणाने आकृती काढायची, कापड रंगात बुडवायचे आणि नंतर मेण उकळून काढायचे, ही ती पद्धत. १९७८ मध्ये यूटोपिया स्त्रियांचा बाटिक गट स्थापन झाला. एमिली त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. उघड्यावर पेटविलेल्या शेकोटीजवळ बसून, गप्पा आणि गाणी यांच्या संगतीत हे काम चाले. रेशमावर मेणाचे ठिपके आणि वळणदार रेषा सोडण्याचा हा दहा-अकरा वर्षांचा अनुभव पुढे त्यांना उपयोगी पडला.

ह्या गटाचे वेगळेपण ध्यानात घेण्याजोगे आहे. पश्चिमेकडील पापुन्या येथे १९७१ पासून सुरू झालेली ॲक्रिलिक चित्रांची चळवळ आरंभी पुरुषांच्या हाती होती. यूटोपियात मात्र कलेची सुरुवातच स्त्रियांनी, स्त्रियांच्या विधिज्ञानाच्या आधारे केली. १९८८ मध्ये गटाने केलेली ८८ रेशमी बाटिके एका मालिकेच्या रूपाने होम्स अ कोर्ट यांच्या संग्रहात गेली.

कॅनव्हासकडे

१९८८ च्या अखेरीस सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल मीडिया असोसिएशन ह्या संस्थेच्या वतीने रॉडनी गूच यांनी यूटोपियाच्या कलावंतांना कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग वाटले. दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असल्याने हा उपक्रम ‘उन्हाळी प्रकल्प’ ह्या नावाने ओळखला जातो. त्यातून ८१ चित्रे तयार झाली आणि १९८९ मध्ये सिडनी येथे ती प्रदर्शित झाली. एमिली यांचे ‘एमू स्त्री’ हे पहिलेच चित्र सर्वांच्या नजरेत भरले. स्त्रीच्या छातीवरील अवेल्यच्या रेषा आणि त्यांवर पसरलेले ठिपके असे त्याचे रूप होते.

बाटिक सोडण्याचे कारण त्यांनी अगदी व्यावहारिक शब्दांत सांगितलेले आहे. मेण उकळणे, साबणाच्या पुडीने कापड पुन्हा पुन्हा धुणे हे कष्टाचे काम होते, डोळेही अधू होऊ लागले होते, आणि त्या मानाने कॅनव्हास सोपा होता. १९९० मध्ये सिडनी येथे त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९९२ मध्ये पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्या काळात सुरू असलेली ऑस्ट्रेलियन कलावंतांसाठीची प्रतिष्ठेची सर्जनशील पाठ्यवृत्ती त्यांना मिळाली.

चित्र काढताना त्या जमिनीवर मांडी घालून बसत. कॅनव्हास समोर किंवा भोवती आडवा पसरलेला असे आणि मोठ्या कॅनव्हासवर त्या प्रत्यक्ष बसूनच काम करीत. वाळूत कथा काढताना किंवा कंद खणताना स्त्री जशी बसते, तशीच ही बैठक होती. त्यामुळे त्यांच्या बहुतेक चित्रांना वरची आणि खालची बाजू ठरलेली नसते. भूमीकडे वरून पाहावे, तसे ते चित्र असते.

शैलीतील टप्पे

आठ वर्षांच्या अल्प काळात त्यांची शैली अनेकदा बदलली. विषय एकच राहिल्याने हे बदल अधिक स्पष्टपणे दिसतात.

आरंभीच्या चित्रांत कंदाच्या मुळांच्या किंवा एमूच्या पावलांच्या रेषा खाली असून त्यांवर बारीक ठिपक्यांचे थर आहेत. १९९१-९२ पर्यंत ठिपके इतके दाट झाले, की खालच्या रेषा जवळजवळ झाकल्या गेल्या. जमिनीवर पसरलेले बी आणि फुले यांची आठवण हे ठिपके करून देतात. काही अभ्यासक असेही सुचवितात, की विधीतील गुप्त ज्ञान बाहेरच्यांच्या दृष्टीपासून झाकण्याचे कामही ठिपक्यांचा थर करतो.

१९९३ मधील ‘अल्हालकेरे मालिका’ २२ स्वतंत्र फलकांची आहे. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियामध्ये ती ठेवलेली असून पावसानंतर बदलत जाणारे रान तिच्यात दिसते. १९९४ मधील ‘पृथ्वीची निर्मिती’ हे चित्र चार फलकांचे, सुमारे पावणेतीन मीटर उंच आणि सव्वासहा मीटर रुंद आहे. भरड कुंचला रंगात बुडवून तो कॅनव्हासवर जोराने दाबत हे चित्र केले आहे. पावसानंतरच्या हिरव्या ऋतूतील हिरवे, निळे, पिवळे आणि गुलाबी रंग त्यात एकमेकांवर लोटतात.

त्यानंतर ठिपके मागे पडले आणि रेषा पुढे आल्या. अवेल्यमधील छातीवरचे पट्टे कॅनव्हासवर सरळ, आडवे-उभे उतरले. काही वेळा तर पांढऱ्यावर फक्त काळे किंवा काळ्यावर पांढरे. १९९५ मध्ये त्यांनी ‘अन्वेर्लार’ कंदाचे प्रचंड चित्र केले. सुमारे तीन मीटर उंच आणि आठ मीटर लांब अशा काळ्या कॅनव्हासवर पांढरी रेषा वळत, फाटे फोडत, पुन्हा स्वतःला मिळत सर्वत्र पसरते. जमिनीखालच्या मुळांचे हे जाळे त्यांनी दोन दिवसांत पूर्ण केले. आधी कच्चे रेखाटन नव्हते आणि खाडाखोडही नव्हती. हे चित्र मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये आहे.

चित्रात काय आहे, असे विचारल्यावर त्या सगळे आहे अशा आशयाचे उत्तर देत आणि मग नावे घेत. त्यांत कंद, काटेरी सरडा, गवताचे बी, एमू, एमूला आवडणारे एक लहानसे रोप, रानशेंगा आणि कंदाचे बी यांचा समावेश असे. एखादी वस्तू निवडून ती रंगविण्याची पाश्चात्त्य पद्धत त्यांची नव्हती. अल्हालकेरे ही अखंड वस्तू होती. ठिपका असो वा रेषा, तिच्यात सर्वच भूमी आलेली होती.

बाजार आणि आप्त

कीर्तीबरोबर मागणी वाढली. ॲलिस स्प्रिंग्ज, सिडनी, मेलबर्न येथील विक्रेते आणि शेजारच्या पशुपालन केंद्राचे मालक यांच्यासाठी त्या चित्रे काढीत. कोणत्याही एकाशीच बांधलेल्या नसल्यामुळे त्यांच्याकडून काम मिळविण्यासाठी चढाओढ लागे. अन्मजेर समाजात मिळकत एकट्याची मानली जात नाही. नात्यागोत्यातील माणसांना देणे हे ज्येष्ठांचे कर्तव्य असते. एमिली यांच्या कमाईवर मोठा गोतावळा अवलंबून होता आणि त्यांनी ती वाटून टाकली. चित्रे मोठ्या किमतीला विकली जात असताना त्यांची स्वतःची राहणी शेवटपर्यंत साधी, बऱ्याचदा उघड्यावरील मुक्कामाची राहिली.

प्रचंड उत्पादन आणि अनेक विक्रेते यांमुळे त्यांच्या काही चित्रांच्या अस्सलपणाविषयी आणि दर्जाविषयी वाद निर्माण झाले. वृद्ध कलावंतावर कामाचा ताण किती पडला, तिच्या श्रमाचा योग्य वाटा तिच्या माणसांना मिळाला का, हे प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या कलाजगतात आजही चर्चिले जातात. २००७ मध्ये ‘पृथ्वीची निर्मिती’ हे चित्र लिलावात १०,५६,००० ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले. ऑस्ट्रेलियातील स्त्री कलावंताच्या चित्राला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती आणि आदिवासी चित्राने दहा लाखांचा टप्पा ओलांडण्याचीही ती पहिली वेळ होती. पुनर्विक्रीत कलावंताला किंवा तिच्या वारसांना पाच टक्के हिस्सा देणारा कायदा ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये संमत झाला. त्यामुळे ह्या विक्रमी विक्रीच्या वेळी एमिली यांच्या वारसांना असा कोणताही कायदेशीर हिस्सा नव्हता.

अखेरचे दिवस

मृत्यूच्या काही आठवडे आधी, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी रुंद, सपाट कुंचला मागून घेतला आणि तीन दिवसांत २४ लहान चित्रांची मालिका केली. तीत ठिपके नाहीत आणि रेषाही नाहीत. पांढरा, गुलाबी, निळा, तांबडा अशा रंगांचे रुंद फटकारे एकमेकांत मिसळले आहेत. ठिपक्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या कलावंताने अखेरीस ठिपकाच सोडून दिला होता. सप्टेंबर १९९६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव काही काळ उच्चारत नाहीत आणि तिचे छायाचित्रही दाखवीत नाहीत. तेच नाव असणाऱ्या इतरांनाही त्या काळात दुसऱ्या नावाने हाक मारतात. ऑस्ट्रेलियातील संग्रहालये आणि प्रकाशने आज ह्या प्रथेचा मान राखून आरंभी तशी सूचना देतात.

मरणोत्तर सन्मान

१९९७ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनात जुडी वॉटसन आणि इव्होन कूलमाट्री ह्या दोन आदिवासी स्त्री कलावंतांबरोबर एमिली यांची चित्रे होती. १९९८ मध्ये क्वीन्सलँड आर्ट गॅलरीने मार्गो नील यांच्या संयोजनाखाली त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरविले. २००८ मध्ये जपानमधील ओसाका व टोकियो येथे आणि नंतर कॅनबेरा येथे त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. जपानमधील प्रदर्शनासाठी ओसाकाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाचे अकिरा तातेहाता यांनी पुढाकार घेतला होता. २०१८ मध्ये क्वांटास ह्या विमान कंपनीने एका विमानावर त्यांच्या कंदाच्या चित्रावर आधारित आकृती रंगविली.

२०२३-२४ मध्ये नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने भरविलेल्या प्रदर्शनाचे संयोजन केली कोल आणि हेटी पर्किन्स ह्या आदिवासी अभ्यासकांनी केले. एमिली यांच्या समाजातील स्त्रियांशी चर्चा करून, अन्मजेर भाषेतील नावे आणि अर्थ अग्रभागी ठेवून ते मांडण्यात आले. २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न येथेही त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले.

मूल्यमापन

एमिली यांच्या चित्रांची तुलना क्लोद मोने, जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको यांच्या चित्रांशी आणि पूर्व आशियातील सुलेखनाशी वारंवार केली गेली आहे. ह्या तुलनेमुळे त्यांना जागतिक कलेच्या इतिहासात स्थान मिळण्यास मदत झाली, हे खरे आहे. तथापि त्यांनी ह्या परंपरांचे शिक्षण घेतलेले नव्हते आणि त्यांच्या कलेचा उगमही तेथे नाही. पाश्चात्त्य अमूर्त चित्रकाराने दृश्य जगापासून दूर जाऊन जे रूप मिळविले, ते एमिली यांना एका विशिष्ट जागेच्या अधिकाधिक जवळ जाताना सापडले. त्यांच्या चित्रातील रेषेला स्थान आहे, गीत आहे आणि ती ओढण्याचा अधिकार कोणाला आहे, ह्याचा नियमही आहे.

दुसऱ्या बाजूला त्यांच्या चित्रांकडे केवळ मानववंशशास्त्रीय नोंद म्हणून पाहणेही अपुरे ठरते. त्याच भूमीचा वारसा असलेल्या इतर अनेक स्त्रियांनी चित्रे काढली. पण रंगाचे धाडस, रेषेतील निर्णय आणि शैली सतत बदलण्याची तयारी ही एमिली यांची स्वतःची आहे. परंपरा म्हणजे न बदलणारी गोष्ट, हा समज त्यांच्या कारकिर्दीने खोडून काढला.

ग्लोरिया पेट्यार आणि कॅथलीन पेट्यार ह्या नात्याने त्यांच्या भाच्या असलेल्या चित्रकारांनी पुढे स्वतंत्र कीर्ती मिळविली. मिनी प्वेर्ले यांनीही ऐंशीच्या घरात असताना कुंचला हाती घेतला आणि बार्बरा वेअर यांनी, लहानपणी हिरावल्या गेलेल्या भूमीकडे परतून, तिचीच चित्रे काढली. मालकीच्या सुनावणीत ज्या रेषांनी साक्ष दिली होती, त्या रेषा यूटोपियाच्या स्त्रियांनी कॅनव्हासवर अशा रीतीने पुढे चालू ठेवल्या.